नऊ नंबरची रेघ

आमच्या इस्पितळात अठरा लिफ्ट आहेत आणि त्या दिवसभर काय करतात हे सांगायला मला नेमलं आहे. लोकांना वाटतं, लिफ्ट वर जाते आणि खाली येते. माझंही म्हणणं तेवढंच आहे, फक्त मी ते आलेख काढून म्हणतो.

प्रत्येक लिफ्टच्या डोक्यावर एक डबी आहे. लिफ्टनं एक फेरी मारली की डबी एक आकडा टिपते. ते आकडे माझ्या कॉम्प्युटरवर येतात, मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितो आणि प्रत्येक लिफ्टची एकेक रेघ उमटते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तासाला किती फेऱ्या. रेघ वर असली तर लिफ्ट कामसू. खाली असली तर माझ्यासारखी.

अठरांपैकी सहा लिफ्टमध्ये लिफ्टमन आहेत. बाकीच्या बारांत लोक आपापली बटणं दाबतात, आणि जायचं नसलेल्या मजल्यांचीही दाबतात. नऊ नंबरच्या लिफ्टमधला लिफ्टमन म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. सव्वीस वर्षं तो त्या एकाच लिफ्टमध्ये आहे. आई म्हणते, "माझा भाऊ रोज इतका वर जातो, पण पोचला कुठं नाही." हे ती कौतुकानं म्हणते. मला ही नोकरी आपणच लावली असं मामा सगळ्यांना सांगतो. मुलाखतीच्या दिवशी त्यानं मला पाचव्या मजल्यावर सोडलं होतं, एवढं खरं आहे.

एक दिवस साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे व्यवस्थापनाचे प्रमुख. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून ते जिन्यानंच येतात, त्यामुळे लिफ्टबद्दल त्यांचं मत अगदी निर्मळ आहे.

"सहा लिफ्टमन खरंच लागतात का, हे समितीला बघायचंय," ते म्हणाले. "अठराही लिफ्ट एका आलेखात आण. ज्या लिफ्टमनची लिफ्ट बिनमाणसाच्या लिफ्टइतकीही धावत नाही, त्याला तळघरात पाठवू. जुन्या केसपेपरच्या खोलीत एक माणूस हवाच आहे."

ती खोली मी पाहिली आहे. लोखंडी मांडण्या, एक ट्यूबलाइट, दोरीनं बांधलेले गठ्ठे आणि एक खुर्ची. आधीचा माणूस निवृत्त झाला तेव्हा निरोपाला उठला आणि पाऊण तास बोलला. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. मामाची निवृत्ती तीन वर्षांवर आहे, आणि मामा झोपेखेरीज कधी दहा मिनिटं गप्प बसल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

पण तेव्हा मला मामाची काळजी वाटली नाही. सव्वीस वर्षं रोज तेच काम करणारा माणूस ते वाईट करत असेल, असं कशाला मनात येईल? मी आलेख काढला.

आलेखाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुठला रंग कशाचा हे ती सांगते. आम्ही तिला लेजंड म्हणतो. मी प्रत्येक रेघेला तिचं नाव दिलं होतं, त्यामुळे चौकटीत अठरा नावं आली, आणि चौकट वाढत वाढत निम्म्या आलेखाएवढी झाली. तिला कुठं बसवायचं हे सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच जागा शोधतो. जिथं कमीत कमी रेघा झाकल्या जातील तिथं तिला बसवतो. गर्दीच्या खोलीत जाडजूड पाहुणा शिरला की तो बरोबर एकाच पोराच्या मांडीवर बसतो, तशातला प्रकार. चौकट आलेखाच्या तळाशी बसली. मागचं काही दिसू नये म्हणून मी तिला पांढरा रंगही भरला होता. नीटनेटकेपणाची आवड, दुसरं काय.

साहेबांनी आलेख हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हा आलेख आहे की हजेरीपट?"

"लेजंड आहे, साहेब."

"मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. लिफ्टमन असलेल्या आणि नसलेल्या. दोन रंग, दोन नावं. बाकीच्यांशी ओळख करून घ्यायची माझी इच्छा नाही."

म्हणणं रास्त होतं. मी दोन गट केले. लिफ्टमनवाल्या सहा रेघा नारिंगी, बाकीच्या बारा निळ्या. प्रोग्रॅम चालवला, तर चौकटीत "लिफ्टमन असलेली" हे सहा वेळा आणि "लिफ्टमन नसलेली" हे बारा वेळा लिहून आलं. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं. प्रोग्रॅमची चूक नव्हती. प्रत्येक रेघ आपलं नाव सांगत होती, आणि गटातल्या सगळ्यांचं नाव मीच एक करून ठेवलं होतं.

यावर जुनी युक्ती आहे. गटातल्या पहिल्या रेघेला नाव द्यायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. घरी पाहुणे आले की आई हेच करते. "हा थोरला, आणि ही बाकीची." तेवढं केल्यावर दोनच नावं उरली. पण नारिंगी गटातली पहिली लिफ्ट नेमकी दोन नंबरची. ती पंधरा दिवस दुरुस्तीला होती, म्हणून तिची रेघ मी तुटक काढली होती. चौकटीनं नमुना म्हणून तीच उचलली. आता कुणीही पाहिलं असतं तरी वाटलं असतं की लिफ्टमन बसवला की लिफ्ट मोडते.

शेवटी मी प्रत्येक गटासाठी एक खोटी रेघ केली. तिच्यात एकही आकडा नसतो. ती कुठून निघत नाही, कुठं जात नाही, नुसती गटाच्या नावानं कोपऱ्यात उभी राहते. अशी माणसं आमच्या समितीत दोन आहेत.

या सगळ्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅम चालवला आणि चौकट आली ती दोन ओळींची, सुबक, नखाएवढी. आपण होऊन वरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली. मी खुर्चीत मागे रेललो. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचित होतं.

मग मला खालची रेघ दिसली.

जिथं आधी अठरा नावांची चौकट बसली होती, तिथं आलेखाच्या अगदी तळाला एक नारिंगी रेघ पडून होती. बाकी सगळ्या तीसच्या आसपास वरखाली होत होत्या आणि ही अकरा. सकाळी अकरा, दुपारी अकरा, संध्याकाळी दहा. मी आकडे पाहिले. नऊ नंबर.

म्हणजे मी दोन दिवस खपून, मन लावून, मामावरचं पांघरूण काढलं होतं.

पुढच्या तासात मी काय केलं ते सांगायला हवं. ती छोटी चौकट मी हातानं खाली आणली आणि नऊ नंबरवर ठेवली. पण ती आता दोन ओळींचीच होती. मामाची रेघ डावीकडून आत शिरली आणि बोगद्यातून गाडी यावी तशी उजवीकडून बाहेर आली. मी अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. सगळी रेघ झाकेपर्यंत "लिफ्टमन असलेली" हे शब्द दुकानाच्या पाटीएवढे झाले होते. तेवढ्यात साहेब मागून गेले.

"दुकान उघडतोयस का?"

"अक्षरं जुळवतोय."

"परवा समिती आहे," ते म्हणाले आणि जिन्याकडे गेले.

मी चौकट परत वर पाठवली. झाकून ठेवता येतं हे मला कळलं होतं, आणि झाकलेलं कधी ना कधी माझ्यासारखाच कुणीतरी, नुसत्या हौसेपोटी उघडं करतो हेही. त्यापेक्षा अकरा का, हे विचारणं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी नऊ नंबरमध्ये शिरलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो.

"काय भाचेबुवा, कितवा?" मामानं विचारलं.

"कुठलाच नाही. बघायला आलोय."

"बघ की. वर जाते, खाली येते."

चौथ्या मजल्यावर हाडांचा विभाग आहे. तिथं दार उघडलं, चार माणसं आत आली. मामाचं बोट बटणाच्या दोन इंच अलीकडे थांबलं आणि मान तिरकी झाली. लांब गल्लीतून, वळणापलीकडून, आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

हातात फाइल धरलेले एक गृहस्थ घड्याळ बघत होते. "अहो, लिफ्ट काय भरल्याशिवाय सुटत नाही का?"

"सुटते की. पण कुणाला मागे ठेवून सुटली की माझ्या पायात गोळे येतात."

"पाय तुमचे, खोळंबा आमचा."

"तुम्ही स्वतःचा पाय दाखवायला आला होता का?"

"नाही. सासऱ्यांचा."

"मग ते कुठायत?"

गृहस्थांनी आजूबाजूला पाहिलं. "येतायत मागून."

"त्यांच्यासाठीच थांबलोय," मामा म्हणाला.

वळणावरून एक म्हातारे गृहस्थ वॉकर टेकत टेकत आले. जावई फाइल वाचू लागले, उलटी. मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट पन्नास सेकंद.

पुढच्या दोन तासांत मामा एकोणतीस वेळा थांबला. काठीसाठी, कुबड्यांसाठी, चाकाच्या खुर्चीसाठी, आणि एकदा एका बाईंसाठी, ज्या धडधाकट होत्या पण रडत होत्या आणि आत यावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. थांबताना तो बोलत राहायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेवाल्याची पाचव्यावरच्या गुडघेवाल्याशी ओळख करून द्यायचा. "हे डावा, तुम्ही उजवा. दोघांत मिळून एक धड माणूस." लोक हसायचे, आणि दीड मिनिट निघून जायचं.

गर्दी ओसरल्यावर मी त्याला आलेखाची गोष्ट सांगितली.

"माझी रेघ कुठली?"

"सगळ्यात खालची."

"बरंय. पडायची भीती नाही."

"मामा, तळघरात पाठवणार आहेत."

त्यानं मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिलं. "तिथं बोलायला कोण आहे?"

"केसपेपर आहेत."

"तेच ना," तो म्हणाला. "त्यातल्या अर्ध्यांना मीच वर सोडलंय. खाली आलेले किती, मोजलं नाही." मग पहिला मजला आला, दार उघडलं, आणि तो समोरच्या माणसाला म्हणाला, "या, आरामात या."

मी जागेवर येऊन प्रोग्रॅम उघडला. गटांच्या यादीत नऊ नंबर "लिफ्टमन असलेली" या नावाखाली होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या नावाखाली जे आणखी पाच जण होते ते बटण दाबत होते, आणि मामा बटण न दाबण्याचं काम करत होता. दोघांना एका रंगात रंगवून मग हा मागं का, असं विचारणं बरोबर नव्हतं. मी नऊ नंबर यादीतून काढला आणि त्याचा तिसरा गट केला. रंग हिरवा. नाव लिहिलं: "थांबणारी".

समितीत पाच जण होते. इस्पितळाच्या अधीक्षक बाई, साहेब, लिफ्टदुरुस्तीचा मिस्त्री, ज्याला सगळे पक्कड म्हणतात, आणि आधी सांगितलेले ते दोघे.

"एका रेघेचा गट?" साहेब म्हणाले. "गट म्हणजे निदान दोन तरी लागतात."

"वर्गात एकच मूल आलं तरी हजेरी घेतात, साहेब."

"थांबणारी म्हणजे कोणासाठी?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. एक मिनिट पन्नास सेकंदही सांगितले, रडणाऱ्या बाईही सांगितल्या. बाई ऐकत होत्या. हाडांचा विभाग त्यांनीच पूर्वी दहा वर्षं चालवला होता.

"आणि तुला हे कसं माहीत?"

"नऊ नंबरचा लिफ्टमन माझा मामा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"आलेखात नाती दाखवायची सोय नाही."

खरं तर मला भीती वाटली होती. ते मी बोललो नाही. पण बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून त्यांना ते कळलं असावं.

तेवढ्यात पक्कडनं घसा खाकरला. "नुसतं थांबायचंच असेल, तर त्याला माणूस कशाला? दाराला टायमर आहे. आत्ता दार सात सेकंद उघडं राहतं. मी पंचेचाळीस करून देतो. पेचकसानं होतं."

सगळ्यांना ही कल्पना एकदम आवडली. त्या दोघांनी मान डोलावली. मलाही त्यात चूक सापडेना. मी स्वतः यंत्रांच्या बाजूचा माणूस आहे.

"एक आठवडा करून बघा," बाई म्हणाल्या. "तोवर नऊ नंबरच्या लिफ्टमनना तळघरात बसवा."

तो आठवडा वाईट गेला. नऊ नंबरचं दार प्रत्येक मजल्यावर पंचेचाळीस सेकंद उघडं राहू लागलं. मजल्यावर चिटपाखरू नसलं तरी पंचेचाळीस. आतली माणसं रिकाम्या गल्लीकडे बघत उभी राहायची, जशी काही कुणाच्या तरी येण्याची बातमी होती. आणि चौथ्या मजल्यावर वळणावरून वॉकर दिसू लागायचा तेव्हा शेहेचाळिसावा सेकंद लागायचा आणि दार मिटायचं. पक्कडनं ते स्वतः पाहिलं. दार बंद होताना त्यानं त्यात हात घातला आणि नंतर मला म्हणाला, "वाढवून दीड मिनिट करू का? नको. मग ती चालणारच नाही, नुसती उभी राहील."

दुपारी मी डबा घेऊन तळघरात जायचो. मामा खुर्चीत बसलेला असायचा. तो मला लिफ्टबद्दल काही विचारायचा नाही. चौथ्या दिवशी डबा खाताना मी मोजलं, तो सोळा मिनिटं काही बोलला नाही. घरी आईला हे सांगायचं की नाही ते मला ठरवता आलं नाही. मी सांगितलं नाही.

आठवड्यानं आलेख काढला. आता नऊ नंबरच्या दोन रेघा होत्या, एक मामाची आणि एक टायमरची. लिफ्ट एकच, म्हणून रंग एकच ठेवला. मामाची सलग, टायमरची तुटक. लेजंडमध्ये आता चार नावं झाली, आणि शेवटची दोन मी एकाखाली एक लिहिली: "थांबणारी, लिफ्टमनसह" आणि "थांबणारी, टायमरसह".

टायमरची रेघ मामाच्या खाली होती. तासाला सहा.

बाईंनी बोट दोन हिरव्या रेघांमधल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं. "हे अंतर कशाचं?"

"टायमर सगळ्यांसाठी थांबतो," मी म्हणालो. "मामा येणाऱ्यासाठी थांबतो."

साहेबांनी आलेख स्वतःकडे ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला. "चौकट चांगली झालीय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

तरी निकाल अर्धाच लागला. हाडांच्या विभागात खरी गर्दी दुपारी दोनपर्यंत असते, तोवर मामा लिफ्टमध्ये. दोननंतर लिफ्ट बिनमाणसाची, टायमर परत सात सेकंद, आणि मामा सहापर्यंत तळघरात. बाई म्हणाल्या, याहून जास्त त्यांना पटवता येणार नाही. मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अर्धा दिवस बोलणं, अर्धा दिवस त्यावर विचार. तुमच्यातल्या कुणी कधी केलंय का?" आणि त्या दिवशी डब्याच्या वेळी त्यानं मला एक शब्द बोलू दिला नाही.

महिन्यानं नेहमीचा आलेख काढायला बसलो. नऊ नंबरची रेघ दोन वाजेपर्यंत हिरवी. दोननंतर हुकुमाप्रमाणे ती निळ्या गटात गेली, "लिफ्टमन नसलेली". रंग बरोबर बदलला. पण रेघ हवी तेवढी वर गेली नाही. बाकीच्या निळ्या तीसवर, ही अठरा. टायमर सातावर होता, मामा तळघरात होता.

पक्कडला लावायला मी फोन उचलला आणि ठेवला. आधी स्वतः जाऊन पाहिलं.

दुपारी तीन वाजता चौथ्या मजल्यावर दार उघडलं. आत एक आयाबाई होत्या, एक मुलगा गळ्यात हात बांधलेला, आणि आणखी तिघं. दार मिटू लागलं. आयाबाईंनी न बघता पाय पुढे टाकून ते अडवलं. कुणी काही विचारलं नाही. त्या मुलाला आतलीच दुसरी एक बाई म्हणाली, "तुझा उजवा ना? माझ्या दिरांचा डावा होता." गल्लीतून कुबड्या येत होत्या. मी घड्याळ पाहिलं.

मग मी तळघरात गेलो आणि मामाला सगळं सांगितलं. तो गठ्ठ्याची दोरी सोडवत होता, ती त्यानं खाली ठेवली.

"किती वेळ थांबतात?"

"मिनिटभर. एखादेवेळी थोडं जास्त."

"कमी आहे," मामा म्हणाला. "चौथ्यावरच्या वळणापासून दारापर्यंत पन्नास सेकंद आणखी लागतात. वर जाशील तेव्हा सांग त्यांना."